मोठे खिळे

छापखान्यातल्या कंपोझिटरच्या पत्राला आपण उत्तर दिले नाही, हे कवींना सकाळपासून पुन्हा पुन्हा आठवत होते. प्रकाशकाचा फोन आला आणि ते जुने पत्र डोक्यात घुसले, ते निघेना.

प्रकाशकाचे म्हणणे साधे होते. कवींच्या पहिल्या इंग्रजी कवितासंग्रहाची नवी आवृत्ती निघत होती. "सुरुवातीला एक पान तुमचं हवं. पुस्तकात एकही कॅपिटल अक्षर का नाही, एवढंच लिहा. शीर्षकात नाही, ओळीच्या सुरुवातीला नाही, स्वतःच्या नावालासुद्धा नाही. लोकांना तेच ऐकायचं असतं."

कवी टेबलाशी बसले. उठले. खिडकी लावली, परत उघडली. 'शब्दांमध्ये लहानमोठे कुणी नसते' असे कागदावर लिहिले आणि खोडले. हे वाक्य ते भाषणांत म्हणत आले होते. समीक्षकांनी त्यावर लेख लिहिले होते. आपण बंडखोर आहोत असे अधूनमधून कवींनाही वाटायचे, पण जेवणाआधी. पोट भरले की पुन्हा शंका यायची.

खरे काय ते छापखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हते. हस्तलिखितात कवींनी प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर नियमाप्रमाणे मोठेच काढले होते. शीर्षकातला कुठला शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायचा आणि कुठला नाही, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. छापखान्यात गेले तेव्हा पाने छापून तयार होती. सगळी लहान अक्षरांत. अक्षरे जुळवणाऱ्या कंपोझिटरने हातातला अक्षराचा शिशाचा खिळा खाली ठेवला.

"साहेब, मोठ्या अक्षरांचे खिळे निवडणुकीच्या इंग्रजी पत्रकांत अडकलेत. तुमच्या दर ओळीला एक मोठा खिळा लागतो. एवढे आणू कुठून? मालक म्हणाले, आहे त्यात उरकून टाक."

कवी नुसती मान हलवून घरी आले.

पुस्तक गाजले. मग कंपोझिटरचे पत्र आले. मोठे खिळे आता मोकळे झालेत, सुट्टीच्या दिवशी बसून सगळे पुस्तक नव्याने जुळवून देतो, मजुरी नको, तुम्ही फक्त हो म्हणा. पत्र वाचून कवींनी आधी दार लावून घेतले. हा माणूस उद्या कुठे बोलला तर? त्यांनी पत्र फाडून टाकले आणि त्या गल्लीतून जाणेच सोडले.

दार वाजले. बायको डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आली होती.

"अहो, रांगेत तुमच्या ओळखीचे एक म्हातारे भेटले. माझं आडनाव पुकारलं तसे उठून जवळ आले. छापखान्यात खिळे जुळवायचे म्हणे."

कवींचे पेन थांबले. "काय म्हणाले?"

"विचारत होते, साहेब अजून रागावलेत का."

"मग?"

"मी म्हटलं, रागवायला तोंड उघडावं लागतं." ती खुर्चीत टेकली. "पण ते हसले नाहीत हो. म्हणाले, सबंध जन्मात माझ्या हातून एकच पुस्तक बिघडलं, आणि तेही एवढ्या चांगल्या माणसाचं. पत्र टाकलं तर त्याला उत्तरही नाही. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते काही मोतीबिंदूचं नव्हतं. कुठलं पुस्तक बिघडवलं त्यांनी तुमचं?"

कवींनी सांगितले. अडखळत, चष्मा पुसत, पण सगळे सांगितले.

"म्हणजे ते बंड वगैरे?"

"खिळे संपले होते."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, एका शूर माणसाशी लग्न केलंय." तिने पदराने तोंड पुसले. हसू लपवले की काय, ते कवींना कळले नाही. "बरं, ते जाऊ दे. पुस्तक बिघडलं होतं का खरंच?"

कवींनी चष्मा परत लावला. "नाही. नंतर मी माझी मूळ प्रत काढून पाहिली. मोठ्या अक्षरांमुळे प्रत्येक ओळ छाती काढून उभी. लहान अक्षरांत त्याच ओळी हळू बोलतात. मला तसंच बोलायचं होतं, पण माझं मलाच माहीत नव्हतं."

"मग हे त्यांना सांगायला काय झालं होतं?"

आजवर कवी त्या माणसाला भीत आले होते. तो माणूस आपल्याला भीत असेल, हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते.

"पत्ता..." ते म्हणाले.

"घेतलाय. तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं, तरी घेतला."

त्यांनी लिहायला घेतले. या वेळी खाडाखोड झाली नाही. 'तुमच्या हातून पुस्तक बिघडले नाही. माझ्या हातून बिघडणार होते, ते तुमच्यामुळे वाचले. उत्तराला उशीर झाला. आजवर माझी जी स्तुती झाली, ती तुमची होती.'

फोन वाजला. "पान झालं का?" प्रकाशकाने विचारले.

"मी लिहिणार नाही," कवी म्हणाले. "ज्यांनी केलं, तेच लिहितील. ते हो म्हणेपर्यंत थांबा."

"कुणी केलं?"

कवींनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि रस्त्यावर आले. टपालपेटीपाशी उभे राहून पत्ता पुन्हा तपासला. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरले, मागे घेतले, परत धरले आणि सोडून दिले. आत पत्राबरोबर एक कोरा कागद होता. त्याच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव होते आणि तळाशी, प्रस्तावना लिहिणाऱ्याची सही असते त्या जागी, कंपोझिटरचे.