रंगूबाईंची चूल

१९५४ साली सणसरला गेणूच्या नव्या घराचा पाया खणला गेला, आणि त्यावर कौलं चढायच्या आत त्याची बायको सारजा ते घर नको म्हणून माहेरी जायला निघाली.

तोवर ही माणसं मळ्यातल्या छपरातच राहत होती. पाटाचं पाणी मिळू लागल्यापासून त्यांची वांगी, गवार बारामतीच्या बाजारात जायची. हात जरा मोकळा झाला आणि विटांच्या घराचा विचार गेणूच्या मनात घोळू लागला. त्याची आई रंगूबाई हो म्हणाली. सारजाला तर आभाळ ठेंगणं झालं.

तिला ओटा नको होता, माडी नको होती. स्वयंपाकघराला एक दार असावं, एवढंच तिला हवं होतं. छपरात चुलीसमोरच सासूची बाज होती. रंगूबाई बाजेवर बसून शेंगा फोडत आणि सुनेच्या हाताकडे बघत. सासू बघत असली की सारजाच्या भाकरीला कोपरे यायचे, तव्यावर टाकताना ती मोडायची. मग रंगूबाई कुरकुरत उठायच्या आणि वाफ्यांकडे निघून जायच्या. त्या गेल्या की भाकऱ्या गोल उतरायच्या. सासूच्या धाकानं पोरीचा हात चळतो, असं शेजारच्या फुलाबाईनं गावभर केलं होतं.

बांधकामाला जळोचीचा भिमा गवंडी आला. ओटा किती उंच, खिडक्या कुठं, हे रंगूबाईंनी लेकावर सोपवलं. स्वयंपाकघर मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. जगाच्या घरात चूल जिथं असते तिथं त्यांना ती नको होती. काटवटीची जागा, पाण्याचा रांजण, मिठाची देवळी, जातं, सगळंच त्यांना भलतीकडं हवं होतं. भिमानं चुलीचा कट्टा घातला, तो त्यांनी फोडायला लावला. दुसरा घातला, तोही फोडला. ओल्या मातीत फतकल मारून त्या स्वतः बसायच्या, हवेतच हात हलवून बघायच्या, मान हलवायच्या आणि उठायच्या. भिमा तोंडाला पंचा लावून हसायचा.

कामाचा खोळंबा होऊ लागला. गवंडी दोनदा रुसून जळोचीला निघून गेला, त्याला समजावून आणायला गेणूला मळा टाकून जावं लागलं. अवकाळी पावसानं कच्च्या विटांचा चिखल झाला. गेणू वाळला. आपलं छप्पर काय वाईट होतं, असं तो येता-जाता म्हणू लागला.

एके दिवशी सारजा भाकरी घेऊन बांधकामावर आली. आत भिमा रंगूबाईंना समजावत होता. ती भिंतीआड थांबली.

"आक्का, चूल अशी भिंतीला खेटवली तर थापणाऱ्या बाईचं कोपर आपटंल की."

"आपटलं तर माझ्या सुनेचं आपटंल. तुझं का दुखतंय?"

सारजानं भाकरीचं फडकं तिथंच विटांवर ठेवलं आणि ती माघारी फिरली.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, की त्या घरात मी पाय ठेवणार नाही. गेणूनं विचारलं, मग आता भिंती पाडू का? ती म्हणाली, "पाडू नका. तुमी आन आत्याबाई ऱ्हावा. मी निमगावला जाते."

निमगाव केतकी तिचं माहेर. गेली तर लवकर परत येणारी ती नव्हे, हे गेणूला ठाऊक होतं. तो आईकडं गेला.

"आई, एका चुलीपायी सून घालवतीस व्हय?"

रंगूबाईंनी हातातली शेंग फोडली.

"घर उभं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पयली भाकरी तिनं थापू दे. मग जायचं तर खुशाल जाऊ दे. मीच येष्टीत बसवून दीन."

सारजा तेवढ्यापुरती थांबली. वास्तुशांतीच्या दिवशी तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

चुलीवर दूध उतू गेलं, बायकांनी हळदीकुंकू घेतलं. मग रंगूबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. फुलाबाईला नव्या चुलीवर सून कशी थापते ते बघायचं होतं, तिलाही दंडाला धरून बाहेर आणलं. दार ओढून घेतलं आणि त्या दाराला पाठ लावून बसल्या.

आतून थापण्याचा आवाज आला, पण फार सावकाश. मग तो थांबला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग आवाज सुरू झाला तो असा, की पाऊस लागून राहावा. थापा एकीमागोमाग एक पडत राहिल्या.

सारजा भाकऱ्यांची चवड घेऊन बाहेर आली. तिचे डोळे ओले होते. धूर कोंडला असेल, असं फुलाबाई म्हणाली.

"कोपर आपटलं का गं?" रंगूबाईंनी विचारलं.

"न्हाय, आत्याबाई."

"मग ते गाठोडं सोड."

भिमा गवंड्यानं पुढं जळोचीत पुष्कळ घरं बांधली. सणसरच्या हट्टी म्हातारीची गोष्ट तो प्रत्येक घरमालकाला सांगायचा. फुलाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली, की रंगूबाईसारखी खाष्ट सासू वैऱ्यालाही मिळू नये. गेणूनं उसाच्या नादानं भाजीपाला सोडला आणि पुढं पस्तावला. सारजा बाळंतपणाला निमगावला गेली की रंगूबाई त्या चुलीपुढं बसत, कोपर सोलून घेत, भाकऱ्या करपवत; पण चूल त्यांनी हलवू दिली नाही, आणि त्याच घरात त्यांनी डोळे मिटले. सारजानं तिथं चार पोरं वाढवली, दोन सुना आणल्या, आणि जन्मभर त्याच चुलीपुढं भाकरी थापली, आधी दार लावून, पुढं पुढं दार उघडं टाकून, डाव्या हातानं.