खालची ओळ आधी

चित्र पुन्हा तिरकंच आलं. पडद्यावर नुसते काळे-करडे पट्टे.

“आत माणसं अडकलीयेत आणि तुम्ही मला सतरंजी दाखवताय,” इंजिनिअर म्हणाले.

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. ती नकाशांच्या कार्यालयातली प्रोग्रामर. सकाळी तिला गाडीत घालून बोगद्याच्या तोंडाशी आणलं होतं आणि या पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं होतं. बोगदा मध्येच कोसळला होता. ढिगाऱ्यापलीकडे तीन कामगार होते आणि पाणी चढत होतं. डोंगरावरून पाडलेल्या बारीक भोकातून आत कॅमेरा सोडला होता. त्याने एक चित्र पाठवलं आणि ओलीने बंद पडला. त्या चित्राच्या फायलीचं डोकंच, म्हणजे चित्राची मापं सांगणारा सुरुवातीचा भागच, बिघडलं होतं. कुठलाही नेहमीचा प्रोग्राम ती उघडेना. शाबूत होते फक्त आतले आकडे. शून्य म्हणजे काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरं, मधलं सगळं करडं. ते आकडे ओळींत मांडून त्यांचं चित्र करायचं, एवढंच तिचं काम.

आल्या आल्या इंजिनिअरांनी एकच विचारलं होतं, “आत तुमचं कोणी आहे?”

“नाही.”

“मग बसा.”

केबिनला एक दार, ते बंद. एक खिडकी, तिला बाहेरून चेहरे चिकटलेले. एक म्हातारी काचेवर तळहात टेकून उभी होती. ती हलत नव्हती, रडतही नव्हती. तिच्यासमोर उठून घोटभर पाणी प्यायचीही चोरी झाली होती.

चित्राची लांबी-रुंदी कॅमेरावाल्याने तोंडी सांगितली होती. ती बरोबर होती, तरी प्रत्येक ओळ जरा जरा सरकत होती. मग तिच्या ध्यानात आलं. असल्या फायलीत ओळीची लांबी चाराच्या पटीत बसावी म्हणून शेवटी भरतीचे आकडे घातलेले असतात. ते चित्राचे नसतातच. तिने ते छाटले. पट्टे गेले, चित्र सरळ झालं.

इंजिनिअर, मुकादम, कॅमेरावाला, सगळे पुढे वाकले. वरच्या अर्ध्यात फिकट करडं. खालच्या अर्ध्यात दाट काळं. त्या काळ्यात तीन पांढरे ठिपके. हेल्मेटचे दिवे.



“वर हवा, खाली पाणी,” इंजिनिअर म्हणाले. आवाज कोरडा ठाक. “ते दिवे पाण्यातही जळत राहतात. मुकादम, ढिगारा फोडायचं ड्रिल सुरू करू नका. डोंगर भुसभुशीत आहे. मेलेल्यांसाठी जिवंत माणसं आत घालणार नाही मी.”

मुकादमाने दाराच्या कडीला हात घातला. खिडकीतली म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

“थांबा जरा,” प्रोग्रामर म्हणाली.

चित्राकडे तिला बघवत नव्हतं, म्हणून ती आकडे बघत बसली होती. फिकट भागात, प्रत्येक दिव्याच्या बरोबर वर, आकडे थोडे थोडे वाढलेले होते. तीन दिवे, तीन पुसट रेघा. दिव्यांची प्रतिबिंबं. पण प्रतिबिंब पडतं पाण्यात. हवेत कुठून पडणार?

तिने आपला प्रोग्राम पुन्हा वाचला. असल्या फायलीत चित्र खालून वर लिहिलेलं असतं, सगळ्यात खालची ओळ सगळ्यात आधी. काल शिकायला लागलेल्यालाही हे ठाऊक असतं. घाईघाईत तिने पहिली ओळ वर ठेवली होती.

“चित्र उलटं आहे,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. फिकट दिसतंय ते पाणी. दिवे त्याच्या वर आहेत.”

इंजिनिअरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “दिवे वर असावेत, असं इथे प्रत्येकाला वाटतंय. वाटण्यावर मी ड्रिल चालवत नाही. पुरावा द्या.”

पुरावा. ती कॅमेरावाल्याकडे वळली. उंच, किडकिडीत माणूस. सगळे त्याला लंबू म्हणत.

“कॅमेरा आत सोडण्याआधी एखादा फोटो काढून बघितला होतात?”

“माझाच काढला होता,” लंबू ओशाळून म्हणाला.

ती फाइल तिने जशीच्या तशी आपल्या प्रोग्राममधून काढली. पडद्यावर लंबू आला. पाय वर, डोकं खाली, दात काढून हसणारा.

“पार वटवाघूळ केलंत की माझं,” तो पुटपुटला. कोणी हसलं नाही.

तिने एकच सूचना जास्तीची लिहिली, ओळींचा क्रम उलटा करायची. लंबू पायांवर उभा राहिला. मग तिने आतलं चित्र तसंच फिरवलं. खाली पाणी आलं. वर काळा खडक. आणि त्या खडकाच्या कपारीत, पाण्यापासून हातभर उंच, तीन दिवे एकमेकांना चिकटून बसलेले.

“चालवा,” इंजिनिअर म्हणाले.

मुकादम धावत सुटला, लंबू त्याच्यामागे. उघड्या दारातून बाहेरचा गलका आत आला. थोड्याच वेळात ड्रिलच्या धक्क्यांनी केबिनचा पत्रा थरथरू लागला.

 ती टेबलाचा आधार घेत उठली. इंजिनिअर मात्र तिथेच उभे होते, तोंड पडद्याला लागेल इतके जवळ. आता आपली खरडपट्टी निघणार, तिला वाटलं. निघायलाच हवी होती. तिची चूक तिघांच्या जिवावर बेतली असती.

“बाई,” ते म्हणाले. त्यांनी एका दिव्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर.

“हे आणखी मोठं करता येईल का? यांतला माझा मुलगा कुठला, ते कळेल?”