पांढऱ्या मक्याची ओटी

गॅलरीत बसून रेवतीने यंदाचं एकुलतं एक कणीस सोलायला घेतलं. घरच्या काळ्या मक्याचं बियाणं आधीच गेलं होतं, तांबड्याचं गेल्या वर्षी. कंपनीच्या पिवळ्या मक्याचे पराग आता बाराही महिने वाऱ्यावर असत. ते ज्या कणसावर पडत, त्याचे दाणे पिवळे होत आणि पेरले तरी उगवत नसत. उरलासुरला पांढरा मका तिने यंदा कुंडीत लावला होता. कणसाला केस फुटण्याआधीच कागदी पिशवी चढवली होती, ती न काढता आतच घरचे पराग हाताने शिंपडले होते.

तिने साल उलगडली. एकूण एक दाणा पिवळा निघाला.

"पिशवी तर मी काढलीच नव्हती," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी काढली होती, घटकाभर," सासूबाई आतून म्हणाल्या. "केस आले म्हणजे पोटुशीच की ती! हळदकुंकू लावलं, ओटी भरली, नि पिशवी होती तशी घातली. तुम्हा शिकलेल्यांना कुठलं सुचायला?"

नवऱ्याने तोंड उघडलं, पण रेवतीने त्याला खुणेनेच गप्प केलं.

सासूबाई बाहेर आल्या आणि दाण्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. "सोन्यासारखं भरलंय गं. खाऊ नका हे, बियाण्याला ठेवा."

"ठेवते, आत्या," ती सासूबाईंना म्हणाली.

रेवतीने साल मागे दुमडून गाठ मारली आणि बियाण्याच्या रिकाम्या दोरीवर ते कणीस टांगलं.