रुंद मडगार्डांची मोटार

मोटार दरवाजात अडकली ती अडकलीच. भैयालाल मिस्त्रीने ती मागे घेतली, तिरपी केली, पुन्हा पुढे आणली. पण दोन्हीकडचे मडगार्ड चौकटीला टेकले आणि कर्रकन आवाज झाला. रस्त्यावर जमलेले लोक आधी 'अरे, अरे' करून ओरडले आणि मग जे हसत सुटले, ते थांबेचनात.

गर्दीत सगळ्यात मागे भैयालालचा धाकटा भाऊ भोजराज उभा होता. खरं सांगायचं तर पहिलं हसू फुटलं ते त्यालाच. वा रे फुटपट्टी! खिशात टेप असल्याशिवाय घराबाहेर न पडणारा हा माणूस, खाट विकत घेण्याआधी खोलीचं माप काढणारा, आणि दरवाजाच विसरला!

मोटार प्रेमलाल ठेकेदाराची. मलाजखंडला तांब्याच्या खाणीचं काम निघालं आणि प्रेमलालचं नशीब उघडलं. त्याने कुण्या साहेबाची दोन माणसांपुरती, उघडी, ठेंगणी शर्यतीची मोटार विकत घेतली. तिला भली रुंद चाकं लावली. चाकं अंगाबाहेर आली, तेव्हा भैयालालला म्हणाला, आता हिचं अंगच रुंद कर. भैयालालने उन्हाळाभर पत्रा ठोकला. पहिलवानाच्या खांद्यांसारखे मडगार्ड घडवले, दारांखाली तशाच फुगवट्याची पट्टी जुळवली. उद्या नागपूरला शर्यत, रंगही तिथंच द्यायचा ठरलेला, आणि नवरीबाई नटूनथटून घरातच अडकलेल्या!

दोघा भावांचं शेड पूर्वी एकच होतं. भैयालालने ठोकायचं, भोजराजने रंगवायचं. मग एका जीपच्या रंगाला फोड आले आणि भोजराज गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, "भाऊच्या ठोकण्यात खड्डेच इतके, का माही पुट्टी पुरत नाई." झालं! भैयालालने त्याच आठवड्यात शेडाच्या मधोमध भिंत घातली. मोठं फाटक धाकट्याकडे राहू दिलं, स्वतः अरुंद दरवाजा घेतला आणि बोलणं टाकलं. तेव्हापासून दिवाळीसुद्धा भिंतीच्या दोन बाजूंना वेगवेगळी होई.

हा उन्हाळा भोजराजने भिंतीपलीकडचा हातोडा ऐकत काढला. पत्रा कुठे वळला, कुठे नरमला, त्याला आवाजावरून कळे. आपण तिकडे असायला हवं होतं, असं रोज वाटे. ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"मडगार्ड काढ ना मग!" प्रेमलाल भैयालालवर खेकसला.

"वेल्डिंग हाय. काढाले गेलो त पत्रा फाटते."

"तर दरवाजा तोड!"

"सारं छप्पर त्याच चौकटीवर हाय. अंगावर येईन."

"फिर रख ले अपने घर में! पूरे बालाघाट को बताऊँगा, कैसा मिस्त्री है तू!"

भैयालाल टेप मुठीत धरून मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको शेवंताबाई पदराचं टोक तोंडात धरून दाराआड उभी होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रीले आता पिंपं ठोकाले बसवा रे!" पुन्हा हशा उसळला.

भोजराजचं हसू तिथंच मेलं. आपण आपल्या भावाला हसू, पोटभर हसू. पण यांनी? यांच्या बापाचं काय जातं? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा आपल्या फाटकातून आत शिरला, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि भिंतीवर घातली.

भिंत सिमेंटची नव्हतीच. मातीत बसवलेल्या विटा धडाधड कोसळल्या. धुरळा खाली बसला, तेव्हा पलीकडे भैयालाल त्याच्याकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी दोघं समोरासमोर आले होते. भोजराजने सब्बल खाली टाकली.

"पाह्यतं काय भाऊ? ढकल!"

विटा बाजूला सारल्या, लोकांनीही हात लावला. मोटार भोजराजच्या बाजूला आली. त्याने मडगार्डवरून तळहात फिरवला, पुढून मागेपर्यंत, डोळे मिटून. मग साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ठेकेदार, हिले पुट्टीचं बोटही लागत नाई. असं काम माह्या भावाशिवाय कोनी करून दाखवावं!"

भैयालालचे डोळे भरून आले. त्याने ते पुसलेही नाहीत.

"रंग नागपूरले कशाले?" भोजराजने बाह्या सरसावल्या. "मी कायले हाय मंग?"

बालाघाटच्या त्या उन्हात रंग बघता बघता वाळला. दिवस कलता कलता मोठं फाटक उघडलं आणि लालभडक, ऐसपैस मोटार दिमाखात रस्त्यावर आली. प्रेमलालने भोंगा वाजवला. सकाळी हसणारेच आता टाळ्या पिटत होते, पोरं मोटारीमागे धावत होती. भोजराजची छाती अशी फुगली, की त्या मडगार्डांनीही लाजावं.

शेवंताबाईने चहा आणला. दोघं भाऊ पडलेल्या विटांवरच बसले. मोकळं झालेलं शेड केवढं मोठं दिसत होतं! भोजराजला चेष्टा केल्याशिवाय राहवेना.

"भाऊ, साऱ्या दुनियेचं माप घेतं तू. आपल्याच दरवाजाचं घ्याले काहून भुलला?"

भैयालालने बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"भुललो नाई," तो म्हणाला. "ज्या रोजी ठेकेदार मोटार रुंद कर म्हनला, त्याच रोजी घेतलं होतं."