तिच्याकडची बाजू

बिश्केकच्या प्रयोगशाळेत बुरुल एकटीच होती. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. त्याच्या ओठावरच्या फोडातून काढून ठेवलेले हर्पिसचे विषाणू तिनं आज हिरवा चमकता रंग लावून काचेच्या बशीतल्या पेशींवर सोडले. थंडीत ते पेशीला वरवर चिकटून राहतात, हलत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर विषाणूंचे सगळे हिरवे ठिपके पेशींच्या एकाच, तिच्याकडच्या बाजूला चिकटलेले दिसले. तिनं बशी फिरवली. ठिपके पुन्हा तिच्याच बाजूला.

तिनं धाकट्या सहकाऱ्याला, मिरलानला फोन लावला. तो तिला 'एजे', म्हणजे ताई म्हणायचा.

"एजे, बशी धुऊन टाका अन् घरी जा."

"तीनदा धुतली रे. आणि घरी कोण आहे?"

फोन ठेवून ती टेबलाच्या पलीकडे गेली, पडदा आपल्याकडे वळवला. गार बशीतले ठिपके तिच्या दिशेनं सरकू लागले.

"कुबात?" तिनं नवऱ्याला हळूच हाक मारली.

ठिपके थांबले.