कुंकवाचं बोट

प्रफुल्लच्या दारासमोर नीलकंठ दोनदा थांबला आणि दोनदा पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा प्रफुल्लच्या बायकोनेच, मीनलने, आतून पाहिलं.

"या ना साहेब, बाहेर काहून उभे? हे घरीच आहेत. आता कुठे जातात!"

टोमणा नव्हता तो, तरी नीलकंठला लागला. तात्यापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत भर दुपारी प्रफुल्ल सूप घेऊन शेंगा सोलत बसला होता. बारा दिवसांपूर्वी हा माणूस सबस्टेशनातला सगळ्यात भरवशाचा फिटर होता. आता सस्पेंड. उद्या चौकशी, आणि तिथे काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल.

नीलकंठच्या खिशात चिठ्ठी होती. चूक माझी आहे, प्रफुल्लची नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. रिटायरमेंटला चार महिने उरले होते. लाज वाटायची ती वाटू दे, असं ठरवून तो आला होता.

नव्या सबस्टेशनात तारा उघड्या नसतात. धातूची जाड नळी, आत दाबून भरलेला वायू, आणि तार मधोमध धरून ठेवणारी इन्सुलेटरची तबकडी. तिच्यावर धुळीचा कण राहिला, घामाचं बोट लागलं, तरी वीज तिच्या अंगावरून घसरत जाते आणि भडका उडतो. म्हणून झाकण लावण्याआधी ती पुसायची. सहाही फीडरचं, म्हणजे शहराकडे वीज नेणाऱ्या लाइनींचं, शेवटचं पुसणं प्रफुल्लचं, रजिस्टरवर सही त्याची. मग गळा कोणाचा धरणार?

पण नीलकंठला ठाऊक होतं. पुसून झाल्यावर प्रफुल्ल झाकण आणायला गेला तेव्हा कामावर देखरेख करणारा नीलकंठ दोन मिनिटं तिथे एकटाच होता. तीस वर्षांत कुंकू लावल्याशिवाय त्याने एकही मशीन चालू केलं नव्हतं. बाहेरच्या पत्र्याला टिळा लावून काय उपयोग, सांभाळायचं तर आतल्याला! त्याने नळीत हात घातला आणि तबकडीला कुंकवाचं बोट टेकवलं.

चाचणी पास झाली. महिन्याभरात त्याची तेलीबांध्याच्या ऑफिसात बदली झाली. मग एका सकाळी फोन आला. इन्सुलेटरवरून वीज घसरली, निम्मं शहर बंद, प्रफुल्ल सस्पेंड. पुढचं त्याने ऐकलंच नाही. चोराच्या मनात चांदणं.

"प्रफुल्ल, मले काही सांगायचं आहे."

"साहेब, तुम्ही काहून जीवाले लावून राहिले? चूक माझीच आहे. मी तसं लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"ग्लोव्ह फाटला होता. दुसरा आणायचा कंटाळा केला अन् तसाच हात फिरवला."

नीलकंठला भरून आलं. म्हणजे यानं पाहिलं होतं! साहेबाची अब्रू राखायला हा पोट्टा स्वतःच्या पोटावर पाय देऊन राहिला होता.

"अरे येड्या, माझ्यासाठी बळी जातो का?" तो ओरडलाच. मग त्याने सगळं सांगितलं. कुंकू, बोट, बारा दिवस घशाखाली न उतरलेला घास. चिठ्ठी काढून त्याने प्रफुल्लसमोर ठेवली.

मीनल चहा घेऊन दारातच थांबली होती. "म्हणजे यांची नोकरी वाचली?"

"वाचली, बाई. उद्या मीच उभा राहतो तिथे."

तिने पदर डोळ्यांना लावला. नीलकंठने चहाचा मोठा घोट घेतला. किती दिवसांनी त्याला चव लागली होती.

प्रफुल्लने चिठ्ठीला हात लावला नाही.

"कोणत्या फीडरले लावलं होतं, साहेब?"

"हे काय विचारणं झालं? पूजा पहिल्या जोडणीची असते. पाच नंबर आपण पहिले बसवला होता ना?"

प्रफुल्लने सूप बाजूला सारलं आणि घाईघाईने उठून तो मोबाइल शोधू लागला.

"उडाला तो दोन नंबर. त्याच्यावर माझाच हात फिरला होता."

"मग पाच?"

"पाच चालू आहे, साहेब. दोन बंद पडल्यापासून मोठ्या दवाखान्याची लाइन त्याच्यावरच टाकली आहे."