बुकेऐवजी

अश्वगंधेच्या नव्या, जाड मुळाच्या वाणाच्या लोकार्पणाचा आज मुलुंडच्या संशोधन केंद्रात सोहळा होता. वाफा बघून हे वाण तयार करणाऱ्या विनिताचं डोकंच फिरलं. बियाण्यासाठी राखलेली, लाल रिबीन बांधलेली सगळी झाडं उपटलेली. फळं अजून हिरवीच होती, आतलं बी पिकलंच नव्हतं!

"कुणी हात लावला रे?"

"साहेबांनीच काढायला लावली, मॅडम," माळी म्हणाला. "पाहुण्यांना बुकेऐवजी देतायत. रिबीन आयतीच होती ना!"

ती तरातरा स्टेजवर चढली. साहेब माइकवर सांगत होते, "पुढच्या वर्षी हे बी गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचेल!"

टाळ्या कडाडल्या. विनितानं पाहुण्यांच्या हातातली जुडी ओढली, कच्ची फळं ओरबाडली आणि साहेबांच्या तळहातावर चिरडली.

"घ्या. पोचवा."